एकाच गळ्याची दोन गाणी : कव्वाल अझीज नाझां



कव्वाली सुरू झाली की आपल्या माणसाचा हात आपोआप टाळीला जातो. आमचा झरी जामणी तालुका तसा कोपऱ्यातला. पलीकडे लगेच तेलंगणाची हद्द. मुकुटबन असो, पाटण असो की माथार्जुन, इथला कापूस वेचणारा माणूस काही उर्दू शाळेत गेलेला नाही. तरीही 'चढता सूरज धीरे धीरे' ही कव्वाली लागली की तो पुढची ओळ आधीच म्हणून मोकळा होतो. गाणारा कोण, हे विचारले तर मात्र गप्प! गाणे पाठ आणि गाणारा अनोळखी, अशी ही गत. म्हणून या वेळी आम्ही त्या गाणाऱ्याविषयी लिहायचे ठरवले. त्याचे नाव अझीज नाझां.

अझीज नाझां यांचा जन्म १९३८ साली मुंबईत एका मलबारी मुसलमान कुटुंबात झाला. घर धार्मिक आणि कडक शिस्तीचे. गाणे-बजावणे घरात निषिद्ध. पोराला मात्र गाण्याचा नाद. कव्वालीच्या कार्यक्रमाला गेला की घरी शिक्षा ठरलेली. शिक्षेने नाद सुटला नाही. पुढे त्या काळचे नामांकित कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत त्यांचा शिरकाव झाला. हे इस्माईल आझाद म्हणजे १९५८ सालच्या 'अल हिलाल' चित्रपटातील 'हमें तो लूट लिया' ही कव्वाली गाणारे. ती कव्वाली देशभर गाजली आणि दर्ग्याच्या अंगणातली कव्वाली पानाच्या टपरीपर्यंत पोहोचली. अशा उस्तादाच्या मागे बसून, टाळी देत, ओळ उचलत अझीज नाझां शिकले. कव्वालाची खरी शाळा हीच. आधी मागे बसायचे, मग पुढे.

कव्वाली हा मूळचा सुफी फकिरांचा गानप्रकार. 'कौल' म्हणजे वचन. त्यावरून कव्वाल आणि कव्वाली. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य अमीर खुसरो (१२५३ ते १३२५) यांच्यापासून या गायकीची परंपरा सांगतात. सुफींची चिश्ती शाखा अजमेर-दिल्लीहून दख्खनपर्यंत पसरली आणि तिच्यासोबत कव्वालीही आली. आमच्या विदर्भात नागपूरला ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर कव्वाली होते, तेव्हा ऐकणाऱ्यांत सगळ्या जाती-धर्मांची माणसे असतात. तिथे कोणी कोणाची जात विचारून बसायला जागा देत नाही.

कव्वालीची रचनाही साध्या माणसाला धरून ठेवणारी आहे. मुख्य गाणारा ओळ टाकतो, मागचे साथीदार ती उचलतात. टाळी, ढोलक, हार्मोनियम. मुंबईच्या पार्ट्यांत बेंजोही. एकच ओळ दहा वेळा फिरून येते आणि दर वेळी मुख्य गाणारा मध्ये नवा शेर जोडतो. ज्याला पहिल्यांदा कळले नाही त्याला तिसऱ्यांदा कळते, पाचव्यांदा तो स्वतः म्हणू लागतो. अक्षरओळख नसलेल्याला विचार पाठ करवण्याची याहून सोपी रीत आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता त्या दोन गाण्यांकडे वळू. अझीज नाझां यांचे नाव घरोघर नेले ते 'झूम बराबर झूम शराबी' या कव्वालीने. १९७४ साली आय. एस. जोहर यांच्या 'फाइव्ह रायफल्स' या चित्रपटात ती आली आणि लग्नाच्या वरातीपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे वाजली. ती लिहिणारे शायर नाझां शोलापुरी. म्हणजे नावातच आपले सोलापूर! २००७ साली याच शब्दांचे नाव देऊन एक नवा हिंदी चित्रपटही निघाला, एवढी त्या ओळीची ओढ.

सुफी काव्यात दारू, प्याला, साकी हे शब्द जुनेच आहेत. पण तिथे दारू म्हणजे ईश्वराचे प्रेम, साकी म्हणजे गुरू आणि झिंग म्हणजे 'मी'पणाचा विसर. तोच प्याला सिनेमाच्या पडद्यावर आला तेव्हा त्याची खरोखरची बाटली झाली. ऐकणाऱ्याने तर अर्थाची चौकशीच केली नाही. चाल अशी की पाय थांबत नाहीत. गाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याने आपली कला दाखवली. पण वरातीत त्या गाण्यावर झिंगत नाचणारा सकाळी मजुरीला जात नाही, तेव्हा घरातल्या बाईला त्या कव्वालीचा कोणता अर्थ सांगावा?

आम्ही कारकुनी करतो, वाणिज्य शाखेत शिकलो. हिशेब मांडल्यावाचून आम्हाला राहवत नाही. रोज ६० रुपयांची पिणाऱ्याच्या घरातून वर्षाला २१,९०० रुपये जातात. बारावीतल्या मुलीची शिकवणी, मुलाची सायकल आणि म्हाताऱ्या आईचे औषध यातून निघते की नाही, ते प्रत्येक घराने आपल्या वहीत मांडून पाहावे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठलीही. सरकारचा कायदा असा येतो आणि जातो. आपण घेतलेले पाचवे शील मात्र कोणत्याही सरकारने दिलेले नाही आणि कोणतेही सरकार ते काढून घेऊ शकत नाही.

आणि इथेच अझीज नाझां यांचे दुसरे गाणे आठवते. 'चढता सूरज धीरे धीरे'. ही कव्वाली लिहिली कैसर रत्नागिरवी यांनी. पहिली सोलापूरच्या नावाची, दुसरी रत्नागिरीच्या! उर्दू कव्वालीच्या या दोन गाजलेल्या रचनांवर आपल्या मराठी मुलखातल्या गावांची नावे कोरलेली आहेत, याचा अभिमान आपल्यालाही वाटायला हरकत नाही. दुर्दैव असे की अशा शायरांची नावे ऐकणाऱ्यापर्यंत फारशी पोहोचत नाहीत. ढोलक-बेंजो वाजवणाऱ्यांची तर नाहीच नाही.

या कव्वालीत दारूचा थेंब नाही, उलट चढलेली उतरवण्याचे काम आहे. पैशाची नशा, रूपाची नशा, तारुण्याची नशा, खुर्चीची नशा. वर आलेला सूर्य खाली जाणारच. मोठमोठे बादशहा आले आणि रिकाम्या हातांनी गेले. मग तुझा तोरा कशाला, असा तिचा रोखठोक सवाल. सुफी फकीर हे सांगतो ते मृत्यूची आणि ईश्वराची आठवण ठेव म्हणून. तथागतांनी ईश्वराचा आधार घेतला नाही. पण जे जे घडलेले आहे ते ते अनित्य आहे, हे त्यांनी शिकवले. दोन वाटा वेगळ्या, तरी गर्व गळून पडावा ही शिकवण दोन्हीकडे आहे. आमच्या मते आपल्या वस्त्यांत या कव्वालीने घर केले त्याचे एक कारण हेच असावे. आणखीही एक कारण आहे. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पाटील-सावकाराचा तोरा सोसला, त्याला 'तुझाही सूर्य उतरेल' हे ऐकताना धीर येतो. अनित्यता म्हणजे नुसते दुःख नव्हे. आजची गुलामीही कायमची नाही, असाही तिचा अर्थ होतो.

अझीज नाझां १९९२ साली गेले, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. २०१७ साली मधुर भांडारकर यांनी आणीबाणीच्या काळावर 'इंदू सरकार' हा चित्रपट काढला, तेव्हा सत्तेचा सूर्य उतरतो हे सांगायला हीच कव्वाली पुन्हा घेतली आणि ती गायली अझीज नाझां यांचे पुत्र मुज्तबा अझीज नाझां यांनी. ज्या घरात गाण्यासाठी पोराला शिक्षा होत होती, त्याच घराण्याचे नाव गाण्याने पुढच्या पिढीकडे गेले.

आपल्या चळवळीने जलसा घडवला आणि कव्वालीचा बाजही आपलासा केला. प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २००४) यांनी कव्वाली गाजवली, नागपूरचे नागोराव पाटणकर यांनी विदर्भाचे मंच दणाणून सोडले. दोन पार्ट्यांचा सामना लागला की रात्र कमी पडायची आणि त्या सवाल-जबाबांत बाबासाहेबांचे चरित्र, घटना, शिक्षणाचे महत्त्व सगळे येऊन जायचे. टाळीच्या त्याच ठेक्यावर आपल्या आयाबायांनी इतिहास पाठ केला. आता पुष्कळ ठिकाणी त्या जागी डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. भिंतीपुढे सवाल नाही आणि जबाबही नाही. फक्त छाती हादरते. गावोगावच्या गायन पार्ट्या मात्र घरी बसल्या आहेत.

म्हणून जयंती मंडळांतील तरुणांना आमची कळकळीची विनंती आहे. मिरवणुकीच्या खर्चातला एक हिस्सा आपल्याच तालुक्यातल्या गायन पार्टीला द्या. मानधन कार्यक्रमाआधी ठरवा आणि कार्यक्रम संपताच हातात द्या. 'उद्या बघू' म्हणू नका. पत्रिकेवर पाहुण्यांसोबत गाणाऱ्याचे, गीत लिहिणाऱ्याचे आणि ढोलकी वाजवणाऱ्याचेही नाव छापा. आणि त्या रात्री मंचासमोर बसणारा प्रत्येक जण शुद्धीत असेल, एवढे बघा. बायाबापड्या लेकरांना घेऊन निर्धास्त बसल्या, तर तो कार्यक्रम यशस्वी झाला म्हणायचे.

अझीज नाझां यांच्या एकाच गळ्यातून झिंग चढवणारे गाणे आले आणि झिंग उतरवणारेही आले. दोन्ही आपल्या लाऊडस्पीकरवर वाजली. कोणते घरात न्यायचे, हे ऐकणाऱ्याच्या हातात आहे. आमच्या घरी दुसरे वाजते, आणि मुलांना त्याचा अर्थ आम्ही ओळीओळीने समजावून सांगतो. तुम्हीही सांगून पाहा.

जयभीम!