लाउंजातला उपमा

दहा हजार वार्षिक फीचं क्रेडिट कार्ड मी घेतलं. का, तर विमानतळावरचं लाउंज म्हणे फुकट! त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 11,800. वर्षातून दोनदा दिल्लीला लेकीकडे जाऊन-येऊन चार खेपा. भागाकार हिनेच केला, "अहो, उपम्याची बशी 2,950 रुपयांना पडली!" वर दारात रांग. आता तर कित्येक बँका म्हणतात, आधीच्या तिमाहीत अमुक खर्च करा, मगच आत या. म्हणजे फुकट उपम्यासाठी आधी फ्रीज घ्या! महिन्यातून चारदा उडणाऱ्याने खुशाल घ्यावं कार्ड. आम्ही मात्र पैसे मोजले ते उपम्याचे नव्हेच. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांपेक्षा आपण कोणीतरी आहोत, या समजुतीचे. यंदा कार्ड बंद. बाकड्यावर बसून हिचा डबा खाणार. डब्याला वार्षिक फी नाही. टोमणे तेवढे फुकट.