देणगी कोणाची?

आपला पीसी दिवसातले किती तास नुसता स्क्रीनसेव्हर दाखवत बसतो, मोजलंय कधी? १९९९ साली बर्कलेच्या 'सेटी अ‍ॅट होम'ने हाच रिकामा वेळ मागितला आणि जगभरातल्या लाखो लोकांनी तो दिला. २०२० मध्ये त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. एलियन काही सापडले नाहीत! पण 'आइनस्टाइन अ‍ॅट होम'ला २०१० साली अरेसिबोच्या डेटात खराखुरा पल्सार सापडला, तोही लोकांच्या घरच्या कॉम्प्युटर्सवर.

मी ते रात्रंदिवस चालवायचो. बिल आलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "विज्ञानाला देणगी तू देतोस की मी?"

उत्तर नव्हतं. हा वेळ 'फुकट' नसतोच. प्रोसेसर फुल लोडवर गेला की वीज जास्त खातो, वर मे महिन्यात पंखा बोंबलतो ते वेगळंच. तरी बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉइंकमध्ये सीपीयू किती टक्के आणि कोणत्या वेळेत वापरायचा, हे ठरवता येतं. मी आता निम्म्यावर, रात्री अकरापर्यंतच चालवतो. फरकाचे पैसे पॉकेटमनीतून. (तोही बाबांचाच, मान्य!) क्रेडिटच्या आकड्यांसाठी रात्रभर मशीन तापवणाऱ्या होस्टेलच्या वीरांनी मात्र बिल कोण भरतं, ते एकदा विचारावं.