आयव्हीएफची कालवड हवी? मग लॅबला हेही विचारा

राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये आयव्हीएफने गाय गाभण राहिली की ५,००० रुपये अनुदान आहे. त्यामुळे गावोगावी चौकशी वाढलीय. सगळे वळू कुठला, आईला दूध किती एवढंच विचारतात. भ्रूण लॅबमध्ये सात दिवस कशात वाढला, हे कुणी विचारत नाही.

पूर्वी त्या पोषक द्रावणात वासराच्या रक्तातलं सीरम, म्हणजे गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, सर्रास घालायचे. भ्रूण भराभर वाढायचे. पण काही वासरं पोटातच अवाजवी मोठी व्हायची आणि गाय अडायची. असे भ्रूण गोठवल्यावर टिकायचेही कमी. म्हणून बिनसीरमची द्रावणं आली.

भ्रूण लॅबचा असला तरी अडते ती आपल्या दावणीची गाय. आमच्याकडे तर रात्री डॉक्टर येईपर्यंत उजाडतं. तेव्हा सीरम वापरता का, भ्रूण ताजा की गोठवलेला, हे आधीच विचारा.