सिंगापूरला मित्राकडे निघालात?

पहिल्यांदाच सिंगापूरला मित्राच्या घरी चाललात, तर खाऊचा डबा भरण्याआधी जरा थांबा. तिथे खसखस न्यायला मनाई आहे. म्हणजे अनारसे नकोत आणि घरच्या मसाल्यात खसखस नाही ना, तेही पाहा. च्युइंग गमवर १९९२ पासून बंदी आहे, गुटखाही चालत नाही. चकल्या खुशाल न्या!

घड्याळ अडीच तास पुढे करा. मेट्रोत पाणीसुद्धा पिऊ नका; दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. हॉकर सेंटरमध्ये जेवलात की ट्रे स्वतःच उचलून ठेवा.

आणि हो, यजमानांना रोज सुट्टी नसते. त्यांना कामावर जाऊ द्या, तुम्ही मेट्रोने फिरा. एका संध्याकाळी मात्र त्यांना बाहेर जेवायला न्या, बिल तुम्ही द्या.