‘सेव्ह झालं’ म्हणजे खरंच लिहिलं गेलं का?



दुकानातला कॉम्प्युटर स्लो झाला की ‘एक सेटिंग बदला, बिलिंग पळायला लागेल’ असं सांगणारे पाच जण भेटतात. त्यातल्या एका सेटिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्याला हात लावू नका.

आधी आत काय चालतं ते बघा. तुम्ही बिल सेव्ह करता तेव्हा ते बऱ्याचदा आधी रॅममध्ये थांबतं, मग डिस्ककडे जातं. डिस्कमध्येही तात्पुरती मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. (गल्ल्यातली नव्हे!) डिस्क माल तिथे उतरवून घेते, ‘मिळाला’ म्हणते आणि कायमच्या जागी नंतर, स्वतःच्या सोयीच्या क्रमाने लिहिते. वेग यातूनच मिळतो. पण साध्या डिस्कमध्ये लाइट गेली की कॅशमधलं सगळं पुसलं जातं.

आता क्रमाचं महत्त्व. आपल्याकडे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात, मग खतावणीत. डेटाबेसही तसंच करतात. एसक्यूलाइटचं उदाहरण घ्या. त्याच्या मूळ पद्धतीत बदलायच्या पानाची जुनी नक्कल आधी ‘जर्नल’ फाइलमध्ये जाते, मगच मूळ फाइल बदलते. मध्येच लाइट गेली तर जर्नल बघून जुना हिशोब परत उभा करता येतो. अट एकच: जर्नल डिस्कवर खरोखर आधी पोचलेलं हवं. म्हणून विंडोज डिस्कला ‘फ्लश’चा आदेश देतं. म्हणजे, हातातलं सगळं पक्कं लिही, मगच ‘झालं’ म्हण.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉलिसीज’ टॅब असतो. तिथली राइट कॅशिंगची पहिली चौकट आहे तशी राहू द्या. दुसरी चौकट बफर फ्लशिंग बंद करणारी. तिच्यावर टिक केली की हा आदेशच थांबतो. डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसेल तर हे करू नका, असं मायक्रोसॉफ्टने तिथेच लिहून ठेवलंय.

तुम्ही म्हणाल, ‘पण सर, वेग वाढतो ना?’ कधी कधी वाढतो. पण नुकसान शेवटच्या एका बिलाचं नाही. खतावणी अर्धी बदलली आणि रोजकीर्द लिहिलीच गेली नाही, तर अख्खी फाइल उघडणार नाही. उधारी कुणाकडे किती, हे कुणाला विचारणार? ११ तारखेला जीएसटीआर-१ कशावरून भरणार? ग्राहक दोन सेकंद थांबतो. बुडालेली उधारी परत येत नाही.

म्हणून खर्चाचा क्रमही ठरवा:

१. वेगवान मशीनच्या आधी यूपीएस घ्या. त्याची बॅटरी वेळच्या वेळी तपासा.
२. लाइट गेली की यूपीएसवर बिलं फाडत बसू नका. सॉफ्टवेअर बंद करा, नीट शटडाउन करा.
३. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून मूळ सेटिंग चटकन काढण्याचं असलं, तरी कॉपी चालू असताना ओढलात तर फाइल अर्धीच राहणार.
४. रोज बॅकअप घ्या आणि आठवड्यातून एकदा तो उघडून बघा.

धंद्यात वेग हवाच, पण हिशोब शाबूत ठेवून. आज दुकान बंद करण्याआधी तो पॉलिसीज टॅब उघडा. दुसऱ्या चौकटीवर टिक दिसली, तर काढून टाका.