अवतरणचिन्ह आणि संगणकीय संहिता

मराठीतील जुन्या-नव्या साहित्यकृतींच्या संहिता संगणकावर उतरवून त्यांचे संग्रह सिद्ध करण्याचे काम विद्यापीठांतून व ग्रंथालयांतून होत आहे. ते स्वागतार्हच आहे. मात्र या कामात एका लहानशा चिन्हाची उपेक्षा होण्याचा धोका असतो. ते चिन्ह म्हणजे अवतरणचिन्ह. डेटाबेसमध्ये मजकूर साठवताना अडथळा होतो म्हणून ते गाळावे, हा उपाय तांत्रिक दृष्ट्या अनावश्यक आणि वाङ्मयीन दृष्ट्या घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम अडथळ्याचे स्वरूप पाहू. डेटाबेसला आज्ञा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएल या भाषेत मजकुराचा आरंभ व शेवट सरळ एकेरी अवतरणचिन्हाने दाखवला जातो. मजकुरातच ते चिन्ह आले, की मजकूर तेथे संपला असे यंत्र मानते आणि पुढील शब्द आज्ञा म्हणून वाचू लागते. नोंद नाकारली जाते. इतकेच नव्हे, तर कोणी हेतुपुरस्सर मजकुरात दडवलेली आज्ञाही पाळली जाण्याचा संभव असतो. यावर आतले चिन्ह दोनदा लिहिणे किंवा त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ घालणे, असे तोडगे योजले जातात. परंतु तोच तोडगा दोन टप्प्यांवर योजला गेला, की ती रेघ संहितेतच शिरते. पीएचपी या भाषेत अशी रेघ आपोआप घालणारी ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय होती. तिने सोडवले त्याहून अधिक घोळ निर्माण केले आणि २०१२ साली ती काढून टाकण्यात आली. खरा उपाय याहून सोपा आहे. आज्ञेत मजकुरासाठी केवळ रिकामी जागा ठेवावी आणि मजकूर स्वतंत्रपणे सोपवावा. मग त्यात कोणतेही चिन्ह असो, ते मजकूरच राहते. प्रचलित डेटाबेस-प्रणालींत ही सोय आहे. तेव्हा यंत्रासाठी संहितेला मुरड घालण्याचे कारणच उरत नाही.

आता वाङ्मयीन बाजू. मराठीतील विरामचिन्हे मुद्रणयुगाची देणगी होय. मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचे. त्यापूर्वीच्या गद्यात बोलणे कोणाचे हे शब्दच सांगत. ‘लीळाचरित्रा’तील संवाद ‘म्हणीतलें’ या क्रियापदाच्या आधारे चालतात. आजच्या मराठीतही ‘असे’, ‘म्हणून’ हे शब्द उक्तीचा शेवट दाखवतात. तिचा आरंभ नेमका कोठे, हे मात्र त्यांच्यावरून नेहमी कळत नाही. शिवाय मराठीत प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन यांची सीमा इंग्रजीइतकी काटेकोर नाही. ‘गोविंदाने सांगितले मी उद्या पुण्याला जाईन’ या वाक्यातील ‘मी’ कोण? ‘मी’पासून पुढील शब्द अवतरणात असतील तर गोविंद; नसतील तर निवेदकही असू शकेल. प्रथमपुरुषी निवेदनाचा अभ्यास करणाऱ्यास चिन्हे गाळलेल्या संग्रहातून या ‘मी’चा निर्णय करता येणार नाही.

जुन्या ग्रंथांच्या मुद्रित आवृत्तीत दिसणारी अवतरणचिन्हे संपादकाची असतात, मग ती गाळली तर बिघडले कोठे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. पण ती चिन्हे म्हणजे संपादकाने केलेला अर्थनिर्णय असतो. तो नाकारायचा असेल तर अभ्यासकाने विचारपूर्वक व जाहीरपणे नाकारावा. आज्ञावलीच्या सोयीसाठी तो पुसला जाऊ नये.

युनिकोडपूर्व टंकांत उतरवलेल्या मजकुराच्या बाबतीत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. त्या टंकांत रोमन चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरखंड बसवलेले असत. हिंदीत रूढ असलेल्या कृतिदेव टंकात सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ‘श’ आणि दुहेरीच्या जागी अर्धा ‘ष’ येतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्यापूर्वीच ही चिन्हे गाळली, तर ‘शब्द’ या शब्दातील ‘श’च नाहीसा होईल!

अखेरीस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मूळ संहिता चिन्हांसह जशीच्या तशी साठवावी. युनिकोडमध्ये सरळ, उघडणारी व मिटणारी अवतरणचिन्हे यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. तो भेद जपावा. दुसरी, वाचक शोध घेताना सरळ चिन्ह टंकित करतो व संहितेत वक्र चिन्ह असते, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी चिन्हांचे एकरूपीकरण केलेली निराळी प्रत ठेवावी, मूळ प्रतीला हात लावू नये. तिसरी, चिन्हे लेखकाची, संपादकाची की संगणकावर मजकूर उतरवणाऱ्याची, याची नोंद संहितेसोबत असावी. ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’च्या मार्गदर्शक नियमांत अवतरणचिन्हे कायम ठेवली की नाहीत हे नोंदवण्याची तरतूद आहे.

पाठचिकित्सेची शिस्त आपण हस्तलिखितांच्या बाबतीत मान्य केलेली आहे. एका काना-मात्रेच्या पाठभेदासाठी तळटीप देणाऱ्या अभ्यासकांनी संगणकीय संहितेतील चिन्हांचा निर्णय केवळ तंत्रज्ञांवर सोपवणे त्या शिस्तीशी विसंगत ठरेल. आज साठवली जाणारी संहिता हीच उद्याच्या संशोधकाची आधारप्रत असणार आहे. बोलणारा कोण, हे तिने त्याला सांगितलेच पाहिजे.