गाव सुटते, 'कर' उरते

मागल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेसाठी आम्ही दोघी नागपूरला गेलो होतो. मी आणि माझी वर्गमैत्रीण मडावी. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या विद्यार्थ्याने नाव विचारले, मी सांगितले. आडनाव ऐकताच त्याने मान वर केली आणि म्हणाला, "चांदेकर म्हणजे कोण?" या 'कोण'चा अर्थ आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मी तो न समजल्याचे दाखवले. मग त्याने सोपा प्रश्न केला, "गाव कोणते?" त्या सोप्या प्रश्नापाशीच मी अडखळले आणि म्हणाले, "चंद्रपूरकडचे."

माझ्यामागे मडावी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "चामोर्शी, जिल्हा गडचिरोली." त्यावर तो "बापरे, जंगलातून आलात की!" असे काहीसे बोलला आणि टेबलाभोवतीचे दोघेतिघे हसले. मडावी हसली नाही, रागावलीही नाही. परतीच्या बसमध्ये मात्र तिने मला एवढेच विचारले, "तू चंद्रपूरची कधी झालीस?"

नागभीड मागे पडले, ब्रह्मपुरी गेली, आरमोरी आली, तरी मला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

गंमत अशी की, आडनावाच्या हिशेबाने माझे उत्तर अगदीच खोटे नव्हते. चंद्रपूरचे जुने नाव चांदा. १९६४ च्या सुमारास सरकारदरबारी चांद्याचे चंद्रपूर झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण आमच्या घराच्या दारावर चांदा तसाच राहिला. आबाजी सांगतात, त्यांच्या आजोबांच्याही आधीचा कोणी पुरुष चांद्याहून इकडे आला. "चांद्याहून आला म्हणून चांदेकर झाला ना बापा," एवढाच आमच्या घराण्याचा इतिहास. मी त्यांना विचारले, "मग चांद्यात असताना त्याला काय म्हणत?" आबाजी हसले. "चांद्यात चांदेकर कोणाला म्हनतील? तिथं तर सारेच चांद्याचे."

मित्रमैत्रिणींनो, आबाजींच्या या एका वाक्यात आपल्या 'कर'कारान्त आडनावांचे सगळे मर्म आहे, असे मला वाटते. आपण समजतो की, असे आडनाव म्हणजे माणूस कुठे राहतो याची खूण. वास्तविक ती माणूस कुठून निघाला याची खूण आहे. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लागत नाही. गाव सोडणाऱ्याला लागते, आणि तेही तो स्वतः लावून घेण्याआधी नव्या गावचे लोक लावतात. आमच्या चामोर्शीत चामोर्शीकर आडनावाचे एकही घर मला माहीत नाही. असेल तर ते दुसऱ्या कुठल्या गावी असेल. 'कर' हा प्रत्यय मुक्कामाचा नसून प्रवासाचा आहे.

याचे मला सुचलेले सर्वांत चांगले उदाहरण मात्र महाराष्ट्राबाहेरचे आहे. इंदूरचे राज्य उभे करणारे मल्हारराव होळकर १६९३ साली जन्मले. त्यांचे आडनाव नीरा नदीकाठच्या होळ या लहानशा गावावरून आले. त्याच इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. गावावरून शाळेत आंबडवेकर असे नाव लागले आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. पुन्हा त्याच इंदुरात १९२९ साली लता मंगेशकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ यांनी गोव्यातील मंगेशी या आपल्या गावावरून हे आडनाव घेतले होते. होळ देशावरचे, आंबडवे कोकणातले, मंगेशी गोव्यातले. तिन्ही गावांची नावे माळव्याच्या एका कोपऱ्यात एकत्र आली. तिन्ही घराणी वेगवेगळ्या समाजांतली, त्यांच्या वाट्याला आलेला मान-अपमानही वेगळा. पण प्रत्यय एकच. 'कर'ला जात नाही. त्याला फक्त गाव आहे. टेबलावरच्या त्या विद्यार्थ्याला 'चांदेकर म्हणजे कोण' हे विचारावे लागले, याचे कारण हेच. माझे आडनाव त्याला हवे ते सांगत नव्हते. आणि वाचकांना आता कुतूहल वाटत असेल तर क्षमा असावी, मीही ते इथे सांगणार नाही.

हा प्रकार केवळ मराठी मुलखातला आहे असे मात्र नाही. इंग्रजी आडनावांतला मोठा वर्ग गावांवरूनच आलेला आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या काही शतकांत ही नावे वंशपरंपरेने चालू लागली. विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा न्यूटन म्हणजे शब्दशः नवे गाव. आपल्याकडे नवेगाव नावाची गावे काही कमी नाहीत. तेव्हा सर आयझॅक हे आपल्या हिशेबाने नवेगावकरच ठरतात. स्टॅनलीचा अर्थ रानातली खडकाळ मोकळी जागा. जंगल तोडून शेती करणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे नाव परके वाटले नसते.

त्यांतले सर्वांत लांब फिरलेले नाव वॉशिंग्टन. उत्तर इंग्लंडातील जुन्या डरहॅम परगण्यातले हे एके काळचे साधे खेडे. वस्सा नावाच्या कोणा माणसाच्या लोकांची वस्ती, असा त्याचा अर्थ लावतात. या गावावरून एका घराण्याला आडनाव पडले. घराण्याची एक शाखा सतराव्या शतकात अमेरिकेत गेली, तिच्यात जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला, आणि १७९१ साली नव्या राष्ट्राच्या राजधानीला त्याचे नाव दिले गेले. गावाचे आडनाव झाले आणि आडनावाचे पुन्हा गाव झाले. पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते आणि त्यांतले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणले, ज्यांची आफ्रिकेतली गावे आणि नावे पुसून टाकली, त्यांच्याकडे आज एका इंग्रजी खेड्याचे नाव आहे. विख्यात शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तर शाळेत हजेरी घेताना आडनाव विचारले गेले तेव्हा ऐनवेळी हे नाव सांगितले. एक शाळा महाराष्ट्रातली, एक अमेरिकेतली. दोन्हीकडे हजेरीपटावर एका वंचित मुलापुढे एका गावाचे नाव लिहिले गेले, आणि दोघांनीही ते नाव मोठे केले.

आपल्याच कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरणही असेच आहे. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, किहीमचे केहिमकर. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतली बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. आज कुलाब्याच्या किनाऱ्यावरची गावे भूमध्य समुद्राच्या काठी नांदत आहेत.

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. कोकण-गोव्यात 'कर' दाट पिकते. विदर्भात तेही आहे, पण शिवाय गावाच्या नावालाच एकाराची मात्रा लावून काम भागते. रामटेकचे रामटेके, नागपूरचे नागपुरे, आणि एके काळी हिऱ्यांच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्याच वैरागडचे वैरागडे. गोदावरी-प्राणहितेच्या बाजूने 'वार' आले. तेलुगूत 'वारु' हा आदरार्थी शब्द आहे. तिकडे आडनावाला 'इंटि पेरु' म्हणजे घराचे नाव म्हणतात आणि ते माणसाच्या नावाआधी येते. मराठी मुलखात आल्यावर ते मागे गेले आणि 'वार' कायम झाले. १९६२ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले चांद्याचे मारोतराव कन्नमवार यांचे आडनाव याच घडणीचे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे आपल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसली आहेत. त्यांच्यातला मजुमदार आणि पुण्याकडचा मुजुमदार हे एकाच फारसी हुद्द्याचे दोन वारसदार. या बंगाली बांधवांची गावे तर एका रेषेने तोडून नेली, आणि आडनावात गाव नसल्यामुळे ती तिथेही उरली नाहीत.

आणि मडावी? तिचे आडनाव गावाचे नाही, कुळाचे आहे. गोंड समाजात कुळे चार, पाच, सहा, सात देवांची असतात. ज्यांचे देव सारखे ते भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे तिचे आडनाव सांगते की नाते कोणाशी कसे आहे. ते कुठून आलो हे सांगत नाही. कदाचित म्हणूनच गाव सांगताना तिला अडखळावे लागले नाही. जो या मातीचाच आहे, त्याला मातीचे नाव कपाळावर लिहून घ्यावे लागत नाही. मी मात्र बाहेरून आलेल्या माणसाची पणती आणि तरी या गावाला लाजले.

या सगळ्यातून मला जे म्हणायचे आहे ते असे. पहिली गोष्ट, आडनाव विचारण्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते ज्यासाठी विचारले जाते ते. 'म्हणजे कोण' या प्रश्नाने माणूस एका खणात टाकला जातो. 'म्हणजे कुठले' या प्रश्नाने त्याच्याशी गप्पा सुरू होतात. प्रत्येक 'कर' हा कुठेतरी एकदा परका होता, कोणीतरी त्याला थारा दिला, म्हणून त्याचे आडनाव झाले. अशा आडनावाच्या माणसाने दुसऱ्याला उपरा म्हणावे, यापरता विनोद नाही.

दुसरी गोष्ट आम्हा मुलींची. उद्या माझे लग्न झाले की, मी न पाहिलेला चांदा सोडून मी न पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्या गावची 'कर' होईन. आणि ज्या चामोर्शीत मी जन्मले, वाढले, शिकले, तिचा कुठेच उल्लेख राहणार नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, हे चांगलेच झाले. पण आईचे गाव? ते अजून कोणत्याच रकान्यात नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पूर्वी माणूस गाव सोडून गेला की गाव त्याच्यामागे आडनाव होऊन जाई. शाळेच्या, जमिनीच्या आणि कचेरीच्या वह्यांत आडनावे एकदाची पक्की झाली आणि ही वाट बंद झाली. आज आपल्यातले कितीतरी जण नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. त्यांच्यापैकी कोणीही चामोर्शीकर, घोटकर किंवा भेंडाळेकर होणार नाही. मग या गावांचे नाव बाहेर कोण नेणार? आपण तोंडाने सांगू तेवढेच ते जाईल. आणि आपण तर 'नागपूरच्या पुढे', 'चंद्रपूरकडचे' असे पुटपुटतो! २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाला, त्याला चार दशके उलटून गेली. तरी बाहेरच्यांना त्याची ओळख जंगल आणि बंदूक एवढीच आहे. त्याचा दोष आपण त्यांना देतो. पण वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते तिथल्या मार्कंड्याच्या देवळांविषयी, धानाच्या बांध्यांविषयी, महाशिवरात्रीच्या यात्रेविषयी त्यांना सांगितले कोणी? गावाचे नावच गिळून टाकणाऱ्याने पुढचे काय सांगावे?

म्हणून संपादक मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. या वार्षिकांकात लेखाखाली नाव आणि वर्ग छापतात. पुढल्या अंकापासून त्यासोबत गावाचेही नाव छापावे: आष्टी, कुनघाडा, येनापूर, जे असेल ते. जागा अर्ध्या ओळीची लागेल. मी सुरुवात माझ्यापासून करते. आणि मडावी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की, मी चंद्रपूरची कधीच झाले नव्हते.

— कु. चांदेकर, बी. ए. द्वितीय वर्ष, राहणार चामोर्शी